उद्यमनगरातले मिस्त्री आणि आमच्या पद्मिनीचं वाटेत अडलेलं पेट्रोल

गॅरेजचं नाव लिहीत नाही. मिस्त्रींनीच बजावलंय, "बाई, काय लिवायचं ते लिवा, पण नाव घालू नका. हायत ती गिऱ्हाइकं आवरंनात." म्हणून नुसत्या खुणा सांगते. शिवाजी उद्यमनगरातली आतली गल्ली. डावीकडे लेथचा कारखाना, उजवीकडे फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे सुतार. मधल्या शेडसमोर एखादी फियाट नाहीतर अँबॅसिडर बॉनेट उघडून उभी दिसली की तेच. नाही दिसली तर लेथवाल्याला "जुन्या गाड्यांचे मिस्त्री" एवढंच विचारा.

मी शाळा आणि ज्युनिअर कॉलेज मिळून ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे गाव मला बाई म्हणतं, मिस्त्रीही म्हणतात. गाडी आमच्या अप्पांची. १९९१ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, स्टिअरिंगखालचा गिअर, सोलेक्सचा कार्बोरेटर (इंजिनला जाणारी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग). अप्पा गेल्यावर भावाने विकू या म्हटलं, मी म्हटलं माझ्या दारात लाव. तेव्हापासून मीच चालवते.

आजार असा होता. राजारामपुरीतून गाडी झकास निघायची. गावात फिरवा, काही तक्रार नाही. बारा-पंधरा किलोमीटर झाले आणि चढ लागला की ओढ कमी व्हायची, दोन-तीन आचके, आणि गप्प. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी पहिल्या सेल्फला चालू. पुन्हा चार-पाच किलोमीटर, पुन्हा गप्प.

हे ऑक्टोबरात सुरू झालं. त्या उन्हात ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: व्हेपर लॉक. टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनजवळचा पंप असतो, त्यात पेट्रोलची वाफ होते, पंपावर ओलं फडकं टाका. मी डिकीत पाण्याची बाटली आणि अप्पांचं जुनं धोतर घेऊन हिंडायची. दोन ठिकाणी गाडी दाखवली. एका ठिकाणी ठिणगीचं सामान, म्हणजे कॉईल, कंडेन्सर आणि चारी प्लग बदलले. दुसऱ्या ठिकाणी कार्बोरेटरला किट टाकलं, पंपाला किट टाकलं, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा पंपच काढून त्या जागी पत्रा मारला आणि बॉनेटखाली इलेक्ट्रिक पंप बसवला. अकरा हजार सातशे रुपये गेले. वर गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला, प्लग काजळी धरायला लागले आणि अ‍ॅव्हरेज आठावर आलं. म्हणजे सिग्नलला उभी असताना गाडीला पेट्रोल जास्त होत होतं आणि चढाला कमी पडत होतं. हे एकाच वेळी कसं होतं, हे मला कुणी सांगेना.

मग आला माघातला पहिला खेटा, म्हणजे जोतिबाच्या डोंगराची रविवारची वारी. आई ८३ वर्षांची. आता पायी जोतिबाला जाणं होत नाही, पण खेटा चुकवायचा नाही. पहाटे साडेपाचला निघालो. केर्ली मागे पडली, घाट लागला आणि दुसऱ्याच वळणावर गाडीने मान टाकली. खेट्याला निघालेली चार पोरं धावत आली. "आज्जी, तुमी बसूनच ऱ्हावा," म्हणत "जोतिबाच्या नावानं चांगभलं"च्या गजरात त्यांनी गाडी आईसकट कडेला घेतली. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या हातात कधी अशी बंद पडली नाही." (हे साफ खोटं आहे. १९९८ साली आंबोलीत आम्ही चार तास दगडावर बसून होतो. पण खेट्याच्या दिवशी कोण वाद घालणार?)

त्याच आठवड्यात मी उद्यमनगर गाठलं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही. स्टूल पुढे केलं, चहा सांगितला आणि प्रश्न सुरू केले. "कवा बंद पडती? सकाळी का दुपारी? चढाला का सपाटीला? तवा टाकीत किती असतंय? पडताना गपकन पडती का आचके देऊन? परत चालू व्हायला किती वेळ लागतोय?" मी खेट्याची गोष्ट सांगितली.

"पहाटं? थंडीत?"

"हो. शाल गुंडाळून बसलो होतो."

"टेंपरेचरचा काटा कुठं हुता?"

"मधे पण पोचला नव्हता."

"मग कसला व्हेपर लॉक? वाफ व्हायला ऊन तरी पायजे, न्हाईतर इंजान तरी तापाय पायजे."

आचक्यांचंही त्यांनी तिथल्या तिथे उलगडून सांगितलं. ठिणगी गेली तर गाडी दिवा मालवल्यासारखी एकदम बंद पडते. पेट्रोल कमी पडलं तर आधी धाप लागते, आचके देते, मग थांबते. माझी आचके देऊन थांबत होती, म्हणजे कॉईल आणि कंडेन्सरचे पैसे पहिल्याच दिवशी पाण्यात गेले होते. बारावीच्या प्रॅक्टिकलला ओळखायला सॉल्ट देताना मी मुलांना घसा फोडून सांगायची की आधी रंग बघा, वास बघा, पाण्यात विरघळतंय का बघा. अर्धी मुलं थेट शेवटच्या चाचणीवर उडी मारायची, कारण शेजारच्याचं उत्तर 'क्लोराइड' आलेलं असायचं. तीन महिने माझ्या गाडीचं शेजाऱ्याचं उत्तर व्हेपर लॉक होतं.

दुसऱ्या दिवशी ते एक पिशवी घेऊन शेजारी बसले. "बिघाड माझ्यासमोर झाल्याशिवाय मी पाना लावत न्हाई." पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. वाघबीळच्या चढाला गाडीने आज्ञाधारकपणे आचके दिले आणि थांबली. मिस्त्री उतरले, एअर क्लीनर काढला आणि मला कार्बोरेटरच्या नरड्यात बघायला लावून हाताने अ‍ॅक्सिलरेटरची लिव्हर ओढली. "हितं बारीक धार पडाय पायजे." काहीच पडलं नाही. पुन्हा ओढली. कोरडं. "वाटी रिकामी हाय." वाटी म्हणजे फ्लोटची जागा, जिथे पेट्रोल साठून राहतं. ही तपासणी एका मिनिटाची आहे, हत्यार लागतं ते फक्त एअर क्लीनर सोडवायला, आणि ठिणगीचा दोष की पेट्रोलचा याचा निकाल तिथेच लागतो. धार पडली असती तर पेट्रोल पोचतंय आणि गुन्हेगार ठिणगीच्या बाजूला आहे, असं समजायचं.

मग टाकीचं झाकण हळूच उघडून कान लावला. टाकीला हवा घ्यायचं भोक बुजलं असेल तर झाकण काढताच फुस्स आवाज येतो, आणि तेवढ्याने गाडी चालू होते. आवाज आला नाही. झाकण निर्दोष.

इथे त्यांनी जो मुद्दा काढला त्यासाठी मी त्यांना पूर्ण मार्क देते. आधी साधा पंप होता तेव्हा वाटी रिकामी, आता इलेक्ट्रिक आहे तरी वाटी रिकामी. दोन वेगवेगळे पंप आणि रोग तोच, तर पंप सोडा, पंपाच्या मागे बघा. सिग्नलला जास्त आणि चढाला कमी हे कोडंही तिथेच सुटलं. इलेक्ट्रिक पंपाचा जोर या कार्बोरेटरच्या नीडलला, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या सुईला, झेपत नव्हता. गाडी नुसती उभी असली की तो नीडलला ढकलून वाटी उतू घालायचा. चढाला इंजिन मागायला लागलं की मागूनच येत नसल्यामुळे तोही हात टेकायचा. जुन्या कार्बोरेटरला दोन ते चार पीएसआय दाब पुरतो. शिवाय इलेक्ट्रिक पंपाला ढकलणं जमतं, लांबून ओढणं जमत नाही, त्याची जागा टाकीजवळ खाली. माझा बॉनेटखाली लटकत होता.

गॅरेजला आल्यावर बाटलीची परीक्षा झाली. जुना पंप नशिबाने माझ्या डिकीत पडून होता. त्याच्या तोंडावर एकावर एक दोन पॅकिंगं चिकटलेली होती. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. हा पंप कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याने हलतो. पॅकिंग जाड झालं की पंप कॅमपासून लांब बसतो, लिव्हर अर्धीच हलते आणि पंप पोटभर ओढत नाही. दुसऱ्या ठिकाणी किट टाकल्यावर गाडी जास्तच बिघडल्यासारखी का वाटली होती, ते तेव्हा कळलं.

एक पॅकिंग घालून पंप जागेवर बसवला. कॉईलची मधली वायर काढून बॉडीला लावली, म्हणजे ठिणगी उडणार नाही. समोर बिडी ओढत उभ्या असलेल्या माणसाला असा आवाज दिला की तो बिडी टाकून गल्लीच्या टोकाला गेला. कार्बोरेटरकडची नळी काढून काचेच्या बाटलीत धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. "म्हशीची धार काढल्यागत पडाय पायजे, दणक्यात." पडलं काय, तर फेस. थुंकल्यासारखं थोडं पेट्रोल, मग हवा, मग थोडं पेट्रोल. मग पंपाची मागची नळी टाकीकडून सोडवून जवळच ठेवलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये बुडवली. पुन्हा सेल्फ. आता बाटलीत सणसणीत धार! पंप ठणठणीत. दोष कॅनमुळे वगळल्या गेलेल्या भागात, म्हणजे टाकी ते पंप.

पुढचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. "बाई, पंपाच्या फुडची नळी फुटली तर पेट्रोल भाईर येतंय. मागची फुटली तर हवा आत जाती." मी तीन महिने रोज रात्री गाडीखाली पेपर अंथरून सकाळी डाग शोधत होते. डाग पडणारच नव्हता! मागच्या नळीत पंप ओढत असतो, तिथली भेग गळत नाही, ती श्वास घेते. पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी लावून इंजिन चढवलं तर बुडबुड्यांची माळ दिसायला लागली. नुसता फिल्टर अर्धा रिकामा दिसला म्हणून घाबरायचं नसतं, तो बऱ्याचदा तसाच दिसतो. वाहते बुडबुडे बघायचे.

टाकीच्या तोंडाशी रबरी नळीचा एक तुकडा होता. वरून काळा कुळकुळीत, पण वाकवला तर हत्तीच्या कातडीसारख्या भेगा उघडायच्या. त्यांनी तो कातरीने उभा चिरून दाखवला. आतली बाजू चिकट, बोट लावलं की काळं होत होतं. नंतर टाकी उतरवली. आतल्या जाळीवर जे बसलं होतं ते बघून मला आमच्या गुऱ्हाळाची आठवण झाली: हुबेहूब काकवी. वास मात्र जुन्या रंगाचा. पेट्रोल ओढलं जाताना हा गाळ जाळीला चिकटायचा, ओढ थांबली की दहा मिनिटांत सुटून खाली बसायचा. गाडीची ती दहा मिनिटांची विश्रांती म्हणजे ही.

आता माझ्या विषयाचं. पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्के इथेनॉल असतं. ते आपल्याच जिल्ह्यातल्यासारख्या उसापासूनही होतं, त्याचा अभिमान बाळगावा की अप्पांच्या गाडीची काळजी करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण गुणधर्म आहेत ते आहेत. इथेनॉलला पाणी आवडतं. जुन्या रबराला ते फुगवतं, मऊ करतं आणि मग सुकलं की भेगा पडतात. टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं बसलेला चिकटा ते सोडवतं आणि जाळीकडे पाठवतं. आमची गाडी जून ते सप्टेंबर अर्ध्या टाकीवर उभी असते. कोल्हापूरचा पाऊस, रिकाम्या भागात दमट हवा, दिवसा बाहेर-रात्री आत. बिघाड ऑक्टोबरात सुरू व्हावा यात नवल ते काय.

मी घरी मोजनळीत १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घेऊन हलवलं आणि उभं ठेवलं. खालचा पाण्याचा थर १० वरून २६च्या आसपास गेला. वाढलेलं ते पाण्याने ओढून घेतलेलं इथेनॉल. (हे अंगणात केलं, स्वयंपाकघरात नाही. तुम्हीही तसंच करा.)

मिस्त्रींना मोजनळी माहीत नाही, पण त्यांच्या फळीवर झाकणाच्या सात-आठ बरण्या आहेत. प्रत्येकीत पेट्रोल पंपावरून आणलेलं पेट्रोल आणि बाजारातल्या वेगवेगळ्या नळ्यांचा एकेक तुकडा, बाहेर खडूने तारीख. महिन्याने काढतात, कॅलिपरने जाडी मोजतात. फुगली ती नळी दुकानदाराला परत. मी निवृत्त झाल्यापासून इतकी नीटनेटकी प्रयोगशाळा पाहिली नाही. माझ्या गाडीला त्या परीक्षेत पास झालेली नळी बसली, पंपाला इथेनॉल सोसणारा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) बसला. डायफ्राम बदलताना त्यांनी डिपस्टिक काढून तेलाचा वास घेतला. डायफ्राम फाटला असला तर पेट्रोल खाली चेंबरमध्ये उतरतं, तेल पातळ होतं, पातळी वाढते, आणि बेअरिंगं जातात. आमचं तेल वाचलं होतं.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या भागावर) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इलेक्ट्रिक पंप काढल्यावर नवे प्लग चार दिवसांत पांढरट दिसायला लागले, तेव्हा त्यांनी मेन जेट पाच नंबरने मोठा टाकला. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पाच नंबर म्हणजे केसापेक्षा कमी फरक, म्हणून जेटमध्ये तार घालून कचरा काढणाऱ्याला त्यांच्याकडे क्षमा नाही. जुना जेट भिंगाखाली दाखवला, भोक लंबगोल झालं होतं.

बिल कॅलेंडरच्या पाठीवर लिहून मिळालं. मजुरी २,४००, नळ्या आणि क्लिपा ३८०, पंपाचं किट ६५०, जेट १८०, टाकी धुऊन आणली त्या रेडिएटरवाल्याचे ८००. एकूण ४,४१०. काढलेला प्रत्येक तुकडा पिशवीत घालून परत दिला.

आता तक्रारी. तीन दिवस म्हणाले आणि नऊ दिवस लावले. फोन उचलत नाहीत, लेथवाल्याला फोन करून निरोप द्यावा लागतो. बायकांनी तास-दोन तास थांबावं अशी कसलीही सोय नाही. इलेक्ट्रिकचं काम त्यांना मनापासून आवडत नाही, हे दिसतं: काढलेल्या पंपाच्या वायरीला नुसती टेप गुंडाळून सोडली होती, ती मी दुसरीकडे नीट करून घेतली. चारचौघांत रागावतात. "एवढी शिकल्याली बाई आन पंपावर धोतर घालून हिंडतीया," हे त्यांनी माझ्यासमोर सुताराला सांगितलं. आणि दर टाकीला थोडं टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल घाला, हा त्यांचा सल्ला मी मानलेला नाही. मानणारही नाही. त्याने डायफ्रामचं आयुष्य वाढतं याचा पुरावा त्यांच्या बरण्यांतही नाही, तसं मी त्यांना म्हटलंही. "मी काय घालत नाही बघा," म्हटल्यावर "ऱ्हाऊ दे," म्हणाले.

सुट्या भागांची ओरड मात्र त्यांच्या हातातली नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, आणि टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालणारा सामानाचा बाजारही आटत चाललाय. मिस्त्री मिळेल तिथून जुने पंप घेऊन ठेवतात. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा तेही गर्दीत असतात. सगळे रंग बघायला जातात, हे आवाज ऐकायला. "एक ठोका चुकत न्हाई," म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास माझ्या गाडीला हात लावला नाही.

पाचवा खेटा आम्ही न थांबता केला. मे महिन्यात भर दुपारी भुईबावड्याचा घाट चढून आले, काटा थोडा वर गेला, पण धोतराची गरज लागली नाही. अ‍ॅव्हरेज पुन्हा साडेअकरा.

जायचं तर सकाळी साडेनऊच्या आत जा, नंतर ते कुणाच्या तरी गाडीत बसून कुठल्या तरी चढाला गेलेले असतात. आणि टाकी भरून नेऊ नका. पेट्रोलचा दोष असला तर टाकी उतरवावी लागते, आणि ते पेट्रोल काढून ठेवायचा कॅन गिऱ्हाइकालाच आणायला लावतात. मला भर उन्हात लक्ष्मीपुरीत जाऊन आणावा लागला.